होडीची झालर

आली, परत आली. काल पुलावरून घरी येत होतो तर माहीनेच आधी पाहिली, ती पुढे गाडीच्या टाकीवर बसलेली ना, आणि अशी जोरात ओरडली की माहीच्या पप्पांनी ब्रेकच मारला आणि माझा जीव मागच्या सीटवरून थेट खाली तापीत. पुलावर ब्रेक मारतं का कोणी. मी एका हाताने गाडीचं मागचं कडं धरलेलं, दुसऱ्या हाताने ह्यांचं स्वेटर, आणि डोळे मिटलेले, कारण पूल आला की मी डोळे मिटतेच, लग्न होऊन सुरतला आले तेव्हापासून. पण पोरगी ओरडली म्हटल्यावर उघडावे लागले, आणि उघडले तर खाली पाण्यावर सगळं पांढरं पांढरं, जसं कापसाचं गाठोडं कोणी नदीत सोडून दिलंय. कठड्याला माणसं उभी, कागदाच्या पुड्यांतून गाठिये उडवताहेत, आणि ती पाखरं हवेतल्या हवेत झेलताहेत, एक पण खाली पडू देत नाहीत. इथली पोरं त्यांना सीगल म्हणतात. माझ्या सासूबाई म्हणतात तापीवरच्या कोंबड्या.

ही पाखरं आली म्हणजे थंडी आली, आणि थंडी आली म्हणजे सुरत खायला बसते. जागोजागी पोंकचे स्टॉल लागतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच, कोवळ्या ज्वारीचा, पण इथे त्याच्यासोबत लिंबाची शेव देतात, आणि सासूबाई दरवर्षी धुळ्याकडून आल्या की पहिला घास तोंडात टाकून म्हणतात, ज्वारी आपल्याकडची आणि नाव ह्यांचं. रस्त्याच्या कडेला मांजा रंगवणारे दोन खांबांमध्ये दोरा ताणून ठेवतात, त्यांची बोटं गुलाबी, नाकसुद्धा गुलाबी. आमच्या डिंडोलीत मागच्या गल्लीत लूम खडखडतात ते तर बाराही महिने, पण थंडीत तो आवाज जास्त जवळ येतो, पांघरुणात शिरतो. मला तर वाटतं हे गावच दोऱ्यावर उभं आहे. वर आभाळात मांज्याचा दोरा, खाली लुमावर साडीचा दोरा. समुद्रात अजून एक तिसरी दोरी असते हे मला माहीतच नव्हतं. ते कळलं माही नुकती बसायला लागली होती त्या थंडीत, आणि तेव्हा ह्याच पाखरांचा जीव त्या तिसऱ्या दोरीवर आला होता, आणि त्यांना वाचवायची जी वस्तू होती ती आमच्या खोलीत, माझ्या सासूबाईंच्या मांडीवर पडलेली होती. आम्हाला काय माहीत.

तेव्हा मी कशाला घाबरत नव्हते ते विचारा. गॅसची टाकी, वरचा पंखा, जिन्यातलं कुत्रं, दुसऱ्या मजल्याची गॅलरी. माही झोपली की तिच्या नाकाजवळ बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना, आणि ती उठून रडायला लागली की बरं वाटायचं, चला, आहे. सासूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "काय व ज्योती, इतली कसाले घाबरस?" आधी मी एकटी होते तेव्हा मरायची भीती नव्हती. पोर झालं आणि सगळ्या जगाला टोकं फुटली.

काम आम्हाला जशुबेन द्यायच्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, गुजराती बाई, आवाज असा की लूम बंद पडेल. साडीला लेस लावा, खडे चिकटवा, धागे कापा, असं घरी बसून करायचं काम त्या गोणीतून आणायच्या आणि पाच-सहा घरांत वाटायच्या. त्यांचं माहेर समुद्रावर, डुमसच्या पुढे, आणि त्यांचा भाऊ नटुभाई तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, ज्याच्या शब्दावर होडी निघते आणि थांबते. तर एका दुपारी जशुबेन आल्या आणि नेहमीची लेस नाही, तर रेनकोटच्या कापडाच्या नारिंगी पट्ट्यांचं बोचकं आणि लांबच्या लांब दोरी टाकून गेल्या. मी माहीला आंघोळ घालत होते. आंघोळ घालताना मी कोणाचं ऐकत नाही, सगळं लक्ष तिच्या मानेवर. काम समजून घेतलं ते सासूबाईंनी.

मी पोरीला टॉवेलात गुंडाळून बाहेर आले आणि विचारलं, आई, हे काय आहे. त्या म्हणाल्या झालर आहे, जशुबेनच्या भावाच्या होडीसाठी. होडीला झालर कशाला. तर म्हणे, "पंखाले लावनी शे, दुसरं काय. ती सोता बोलनी, पंखी माटे छे."

आता मला इतक्या वर्षांत एवढं गुजराती येत होतं की पंखी माटे म्हणजे पाखरासाठी. पण सासूबाईंनी आधीच पंखा म्हटलं होतं, तेच डोक्यात बसलं, पंखीकडे लक्षच गेलं नाही. लहानपणी देवळात बघितलेला तो मोठा हलवायचा पंखा आठवला, कडेला लाल झालर असलेला. वाटलं दर्यावरची माणसं असतील करत काही पूजा. एवढी लांब दोरी का, असं मात्र मी म्हटलं. तर त्यांचं तयार होतं, मोठी होडी, मोठा पंखा.

पट्ट्या आधीच कापून आलेल्या, फक्त दोरीला बांधायच्या होत्या. आणि त्या होत्या अशा की पहिली माझ्या उंचीपेक्षा लांब, दुसरी थोडी कमी, तिसरी अजून कमी, करत करत शेवटची वीतभर. सासूबाईंनी सगळ्या ओळीने जमिनीवर मांडल्या आणि कपाळावर हात मारला. "कोनी कापेल शे हाई? आंधयानी कापेल दिखस." आता बाई आयुष्यभर शिवणकाम केलेली. गावात त्यांच्या हातचं झबलं डोळे मिटून घालावं, एक बाही जास्त नाही, एक कमी नाही. वाकडं माप त्यांना बघवतच नाही, दुसऱ्याच्या घरातला फोटो तिरका असला तरी उठून सरळ करून येतात. त्यांनी कात्री घेतली. शेजारच्या दोघी-तिघी आल्या, पोंकची पुडी मध्ये फोडली, आणि सगळ्यांनी मिळून, लांब त्या कापून आणि आखूड त्या जोडून, सगळ्या पट्ट्या बाहीएवढ्या, एका मापाच्या करून टाकल्या. वर चुण्या घातल्या. चुण्यांवरून टीप मारली, हलायला नको म्हणून. संध्याकाळी दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली तर खोलीत लग्न असल्यासारखं दिसायला लागलं, आणि माही खाली पडल्या पडल्या दोन्ही पाय हलवून हसत होती. खरं सांगते, फार सुंदर झाली होती. माहीच्या पप्पांनी लुमावरून आल्यावर बघितली आणि म्हणाले, अशी आपल्या लग्नात पण नव्हती.

लुमाला सुट्टी होती त्या दिवशी द्यायला गेलो, आम्ही चौघं आणि जशुबेन. जशुबेन म्हणाल्या, पाणी भरलं, भरती आली की भाईची होडी निघेल, त्याच्या आत पोचवायची, आणि चला तुम्ही पण, सुरतमध्ये राहून दरिया नाही बघितला म्हणजे काय. मी आठवीत शाळा सोडली, समुद्र मी भूगोलाच्या पुस्तकात बघितला होता, निळा. इथला निघाला चहाच्या रंगाचा. आणि होता कुठे, लांब, फार लांब, मध्ये नुसता चिखल, आणि चिखलात होड्या एका अंगावर कलून पडलेल्या, जशा म्हशी बसतात. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. सासूबाईंनी पदर नाकाला लावला तो काढेचनात, जेवताना पण.

नटुभाई उंच, काळे, कानात बाळी, आणि बहिणीच्या उलट, आवाज एकदम बारीक. त्यांनी हात पुसून आदराने पिशवी घेतली, वाळूवर दोरी पसरली, बघितलं, परत बघितलं. मग खालीच बसले. आम्हाला वाटलं चक्कर आली. ते हसत होते. आवाजच निघत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग जाळं शिवत बसलेली बाकीची माणसं आली, बायका आल्या, आणि एक म्हातारी म्हणाली, "अरे, आ तो मांडवानी झालर छे," आणि मग सगळा किनाराच हसायला लागला. सासूबाई पदराच्या आतून म्हणाल्या, ह्यांना चांगलं काम कधी बघायलाच मिळालेलं नाही.

हसू संपल्यावर नटुभाईंनी डोळे पुसले आणि मला एका होडीच्या सावलीत नेऊन एक क्रेट दाखवलं, मासळीचं असतं तसं प्लॅस्टिकचं. आत पाखरू होतं. तापीवर मी ते नेहमी लांबूनच बघितलेलं. जवळून बघितलं तर चोच लाल, पाय लाल, पाठ राखाडी, आणि डोळ्याच्या मागे एक काळा ठिपका, अगदी जशी आपण पोराला तीट लावतो ना, तसाच, तितकाच. कोणीतरी दृष्ट लागू नये म्हणून लावून पाठवलंय असा. चोचीच्या कोपऱ्यात जखम आणि एक पंख लोंबत. सासूबाई वाकून म्हणाल्या, चावस का, आणि त्याने उत्तर म्हणून त्यांच्या साडीवर शिटलं.

मग नटुभाईंनी ती तिसरी दोरी दाखवली. टबात गुंडाळलेली, मैलभर असेल, आणि तिला थोड्या थोड्या अंतरावर बारीक दोऱ्या, आणि एकेक दोरीला एकेक गळ, टबाच्या काठाला ओळीने अडकवलेले, चकाकत. प्रत्येक गळाला मासळीचा तुकडा लावतात, होडी पळत असते आणि मागून ही दोरी पाण्यात सोडत जातात, मोठी मासळी खाली खोल असते तिच्यासाठी. पण तुकडा लगेच बुडत नाही. थोडा वेळ पाण्यावर तरंगतो. आणि वरून पाखरू बघतं. नटुभाई म्हणाले त्याला काय दिसतं, खाणं दिसतं, बस. ते सूर मारतं, गिळतं, आणि मग दोरी बुडते, आणि ते पण दोरीबरोबर खाली जातं. दोरी ओढून घेताना गळाला मासळीच्या जागी पाखरू येतं, ओलं, मान टाकलेलं. हे एक क्रेटमधलं वेळेवर दिसलं म्हणून चिमट्याने गळ तोडून काढता आला. आणि बाकीच्यांचं म्हणून त्यांनी हाताने नुसतं असं केलं, पाण्यात सोडल्यासारखं.

मी तो गळ बघत राहिले. माझ्या बोटाएवढा. माही माझ्या कडेवर होती आणि तिला नुकतंच आम्ही वरचं खायला द्यायला लागलो होतो, मऊ खिचडी, चमच्याने, आणि चमचा दिसला की ती असं तोंड उघडायची, न बघता, न विचारता, सगळ्या जगावर विश्वास ठेवून. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. भूक लागली म्हणून खाली आलं, एवढंच ना त्या पाखराने केलं. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस मी खिचडीच्या प्रत्येक घासात बोट फिरवून बघायची. काय शोधायची ते मला माहीत होतं.

झालर कशासाठी ते मग कळलं. बंदरावर पाखरांसाठी काम करणारी एक मुलगी आली होती, तिने नटुभाईंना फोनवर दाखवलं होतं, होडीच्या मागे उंच बांबू लावायचा, त्याला ही दोरी, तिचं टोक लांब पाण्यात ओढत न्यायचं, आणि दोरीवरून पट्ट्या लोंबतील, वाऱ्याने फडफडतील, बरोबर त्याच जागेवर जिथे तुकडे तरंगतात. पाखरू घाबरतं आणि येत नाही. तेवढ्यात गळ बुडून जातो. गळाच्या दोरीला नटुभाईंनी शिसं पण वाढवलं होतं, लवकर बुडावी म्हणून. आणि पट्ट्या लहानमोठ्या का, तर बांबूपाशी दोरी उंच म्हणून तिथे लांब पट्टी, पुढे दोरी उतरत जाते म्हणून आखूड. सगळ्यांची टोकं पाण्याला टेकतील अशी. आमच्या एका मापाच्या झालरीचं काय होणार, तर बांबूपाशी ती वरच्या वर राहणार आणि खालून पाखरं आरामात जेवायला येणार. चुण्यांमुळे फडफडणार तर नाहीच.

सासूबाईंचा पदर नाकावरून खाली आला. "पंखी म्हंजे पाखरू?" त्यांनी जशुबेनला विचारलं. जशुबेन म्हणाल्या हां, मग काय फॅन? आणि जशुबेन अशा हसल्या की क्रेटमधलं पाखरू दचकलं. सासूबाई नाही हसल्या. त्या खाली बसल्या, कमरेची छोटी कात्री काढली आणि स्वतःच मारलेली टीप उसवायला लागल्या.

कारण गोष्ट हसण्यासारखी राहिली नव्हती. होडीच्या मालकाने ह्या एकाच फेरीला हो म्हटलं होतं. मागे बांबू बांधा, दोरी लावा, काम अडलं तर परत नाव काढू नका, असं. बरोबरचे खलाशी पण चेष्टा करत होते. ह्या फेरीत दोरी लागली नाही तर संपलं, मग ही होडी आणि हा टब आणि हे गळ, आणि वर उपाशी पाखरं. आणि पाणी यायला लागलं होतं. लांब एक पांढरी रेघ दिसत होती, ती मी बघते तोपर्यंत जाड झाली.

कापलेलं कापड काही लांब होत नाही. पण दोन आखूड पट्ट्या जोडून एक लांब होते, तीन जोडून अजून लांब, आणि शेवटच्या टोकाला आखूडच लागतात, त्या तशाच चालतात. हे माहीच्या पप्पांनी म्हटलं. मग प्रश्न आला गाठीचा. रेनकोटचं कापड निसरडं, साधी गाठ मारली की ओढल्यावर सुटते. माहीचे पप्पा बसले, म्हणाले थांबा, लुमावर धागा तुटला की आम्ही मारतो ती मारतो, चपटी असते, सुटत नाही. त्यांनी एका पट्टीचं टोक दुमडलं, दुसरी त्याच्यातून वर काढली, मागून फिरवली, स्वतःच्याच खाली दाबली, ओढली. पक्की. नटुभाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि त्यांचा चेहराच बदलला. "प्रवीणभाई, आ तो अमारी जाळनी गांठ छे."

नाही हो, ही लूमची गाठ आहे. नाही, ही जाळ्याची आहे, माझ्या बापाने शिकवली. मला उस्तादने शिकवली, इथेच पर्वत पाटियाच्या लुमावर, पहिल्या दिवशी. दोघं वाळूवर समोरासमोर बसून एकेक पट्टी घेऊन गाठ मारायला लागले, तू हळू कर, तू पण हळू कर, आणि खरंच, बोटं वेगळीकडून निघायची आणि त्याच जागी यायची. धाग्याचा माणूस आणि दर्याचा माणूस, एकमेकांना कधी बघितलेलं नाही, आणि गाठ एकच. कोणी कोणाकडून घेतली असेल. का कोणीच घेतली नसेल, तुटलेलं जोडायला बसलं की माणसाचे हात आपोआपच तिथे जात असतील. मी तर अजून विचार करते. भांडण मात्र अजून मिटलेलं नाही, अजून नटुभाई आले की पहिलं तेच निघतं.

मग सगळेच बसलो. जाळं शिवणाऱ्या बायका पण आल्या, त्यांना ती गाठ यायचीच. सासूबाई उसवायच्या, आम्ही जोडायचो, नटुभाई काठीने वाळूत माप आखायचे. पट्ट्या जोडल्यामुळे संख्या कमी झाली आणि दोरीवर मधे मधे फटी राहिल्या. नटुभाई म्हणाले चालेल. मी म्हटलं नाही चालणार. म्हणजे मी म्हटलं असं मला नंतर सगळ्यांनी सांगितलं, मला वाटत होतं मी मनात बोलतेय. मी म्हटलं एवढ्या फटीतून माझी पोरगी रांगत जाईल, पाखरू नाही जाणार? फटी बघायला मला शिकवायला लागत नाही, गॅलरीच्या गजांमधल्या फटी मी रोज मोजते. नटुभाई उठले, होडीत चढले आणि स्वतःचा पिवळा रेनकोट घेऊन आले. कापा म्हणाले, पाऊस कुठे आहे आत्ता. सासूबाईंनी विचारलं, एका मापाचा का वाकडा. सगळे हसले, आणि ह्या वेळी त्या पण.

पाणी पायापर्यंत आलं तेव्हा मी किंचाळले, माहीला घेऊन वर पळाले, परत आले कारण गाठ अर्धी राहिली होती, परत पळाले. असं तीनचार वेळा झालं. शेवटी पाण्याने होड्यांना खालून हात लावला आणि त्या एकेक करून उठायला लागल्या, कण्हत, आळस देत. बांबू बांधला, दोरी चढली. होडी खाडीतून निघाली तशी नटुभाईंनी मागून दोरी सोडली आणि आम्हाला दाखवायला म्हणून मासळीचे दोनचार तुकडे मागे फेकले, बिनगळाचे. पाखरं होतीच वर. एकदम खाली आली, दहा, वीस. आणि तेवढ्यात वारा आला आणि नारिंगी, पिवळं, सगळं फड फड फड, आणि ती पाखरं अशी वळली, असं अंग चोरून, जसं कोणी दार आपटल्यावर आपण दचकतो. वर जाऊन ओरडायला लागली. परत आली, परत वळली.

मी सदा घाबरणारी बाई. आणि ते बघून मला असा आनंद झाला की मी कोणालातरी घाबरवलं. माझ्या हातच्या चिंधीला घाबरलं कोणी. आणि ज्याच्यापासून ही झालर त्याला वाचवणार तो गळ त्याला दिसला पण नाही, दिसणार पण नाही, ते घरी जाऊन म्हणत असेल काय ती मेली झालर, जेवू देत नाही. तेव्हापासून मला माझ्या भीतीचा राग येत नाही एवढा. मी पण दिवसभर तेच करत असते ना, माहीच्या आणि चुलीच्या मधे, माहीच्या आणि जिन्याच्या मधे, नुसती फडफडत असते. ती पण माझ्यावर चिडते. चिडू दे.

आता जशुबेनकडे थंडीत अशा दोऱ्यांचं काम येतं, दोनतीन होड्यांचं. सगळे तांडेल नाही लावत, कोणी म्हणतं गुंतते, कोणी म्हणतं लाज वाटते, होडीला काय नवरी करायचं. ते पण खरं, गुंतते कधी कधी. नटुभाई सांगत बसतात एकेकाला.

पण त्या पहिल्या वेळी आम्हाला काहीच माहीत नव्हतं, होडी गेली आणि फोन लागेना. समुद्रात आत गेलं की रेंज नसते. संक्रांत आली, सगळी डिंडोली गच्चीवर चढली, तिळाचे लाडू झाले, उंधियू झालं, आणि मी प्रत्येक कटलेल्या पतंगाकडे बघून विचार करायची की तिकडे काय झालं असेल. दोरी तुटली असेल. मालक ओरडला असेल, काढून फेकली असेल. लांब पट्ट्यांची गाठ सुटली असेल, माझीच असेल ती, पळताना मारलेली. सासूबाई कोणी जिन्यात चढलं की मान वर करायच्या. जशुबेन रोज गोणी घेऊन यायच्या आणि दारातूनच मान हलवायच्या, नाही, अजून नाही.

मग एक दिवस, दुपारची जेवणं होऊन मी भांडी घासत होते, माहीच्या पप्पांच्या मोबाईलवर व्हॉईस मेसेज आला, म्हणजे होडी परत रेंजमध्ये आली होती. ते लुमावर, मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला. मी ओले हात पदराला पुसले आणि दाबलं. आधी नुसतं इंजिन. मग वारा. मग नटुभाईंचा तो बारीक आवाज, म्हणाले ज्योतीबेन, एकाचा पंख गुंतला होता, सोडवून दिला, उडून गेला. गळाला एक पण नाही. मालक म्हणाला राहू दे बांबू. आणि मग म्हणाले, "सांभळो, बधा गाळो आपे छे," ऐका, सगळे शिव्या देताहेत, आणि फोन वर धरला असावा, कारण एकदम तो आवाज आला.

किती होती काय माहीत. शेकडो असतील. कर्कश, उपाशी, भांडखोर, एकावर एक, आभाळ भरून नुसता कालवा, जसं नळाला पाणी आल्यावर चाळीत होतं. खोलीच्या भिंती भरून गेल्या. सासूबाई उठून आल्या, मोबाईल कानाला लावायची गरज नव्हती तरी लावला, आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. संपलं की म्हणाल्या परत लाव. मी परत लावलं. परत संपलं, परत लावलं.

तिसऱ्यांदा की चौथ्यांदा लावलं तेव्हा आतून माही उठली आणि अगदी तसंच, त्याच सुरात, त्यांच्यात मिसळून ओरडायला लागली. मी मोबाईलकडे बघते, पाळण्याकडे बघते, कोणता आवाज कुठला तेच कळेना.

"भूक लागनी तिले," सासूबाई म्हणाल्या. "पाज व."

मी मोबाईल त्यांच्या हातात तसाच वाजत ठेवला आणि पोरीला पाजायला बसले.